पन्नाशीनंतरची बॅरिएट्रिक सर्जरी : डिस्चार्ज मिळाल्यापासून पुढे

वजन उतरवण्याचं (बॅरिएट्रिक) ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला नातेवाईक, शेजारी, सोसायटीचा वॉचमन, सगळे एकच विचारतात : किती किलो उतरलं? पन्नाशी ओलांडलेल्या पेशंटने त्याहून महत्त्वाची गोष्ट विचारायला हवी : जे उतरलं त्यात चरबी किती आणि स्नायू किती? खाणं एकदम कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करतं. तिशीतला माणूस तो भरून काढतो. पंचावन्न-साठला स्नायू मुळातच कमी होत असतात, पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होत असतात आणि शुगर, बीपी, थायरॉइडच्या गोळ्या आधीपासून चालू असतात. म्हणून या वयात वजनकाटा दुय्यम. प्रोटीन, गोळ्या आणि ताकदीचा व्यायाम ही तीन कामं सांभाळली की वजन आपोआप उतरतं.

ऑपरेशन कोणतं झालं ते नीट माहीत हवं

'पोटाचं ऑपरेशन झालंय' एवढं सांगून भागत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात, आतडं जसंच्या तसं राहतं. बायपासमध्ये साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे आतड्याचा पहिला भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच असतो. स्लीव्हनंतर ॲसिडिटीचा त्रास जास्त दिसतो. बायपासनंतर जीवनसत्त्वांची कमतरता, डंपिंग (गोड खाल्ल्यावर येणारी धडधड, घाम, जुलाब) आणि जोडाजवळचा अल्सर यांची भीती जास्त.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये असू द्या. कधी बेशुद्धावस्थेत किंवा उलट्या होत असताना दुसऱ्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायची वेळ आली, तर नाकातून नळी घालण्याआधी आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी तिथल्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं. त्याचं कारण पुढे येईल.

पहिले दोन महिने : घोट, चमचा, मग घास

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त पातळ पदार्थ. औषधाची ३० मिलीची मापी हाताशी ठेवा. दर १५ मिनिटांनी एक माप, म्हणजे तासाला १२० मिली. दिवसात १४ तास हे केलं तर १.७ लिटर होतं आणि एवढं पुरतं. ज्यांनी 'तहान लागेल तेव्हा पिऊ' असं ठरवलं, तेच पाचव्या-सहाव्या दिवशी चक्कर आणि गडद लघवी घेऊन परत येतात. गटागट पिणं आता जमणार नाही, त्यामुळे राहिलेलं पाणी संध्याकाळी एकदम भरून काढता येत नाही. स्ट्रॉने हवा जाते, सोड्याने पोट ताणतं, दोन्ही टाळा.

इथे एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते. पेशंटला वरणाचं वरचं पाणी गाळून देतात आणि 'डाळ गेली पोटात' म्हणून समाधान मानतात. डाळ खाली बसलेली असते. त्या पाण्यात मीठ, हळद आणि उगाच थोडंसं प्रोटीन असतं. डाळ मऊ शिजवून मिक्सरमधून काढून, सर्जनने ज्या दिवसापासून परवानगी दिली त्या दिवसापासून तशीच पातळ करून द्या. तोपर्यंत भिस्त व्हे पावडरवर, म्हणजे दुधातल्या प्रोटीनच्या पावडरवर. अर्धा स्कूप १५० मिली पातळ ताकात किंवा साय काढलेल्या दुधात. गरम दुधात पावडर टाकली की गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या. ऑपरेशननंतर काहींना दूध पचेनासं होतं, गॅस आणि जुलाब सुरू होतात. त्यांनी आयसोलेट प्रकारची (दुधातली साखर जवळपास काढलेली) व्हे घ्यावी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधलं, चमच्यावर थांबेल इतकं दाट : घट्ट वरण, घोटलेली मूगडाळ खिचडी (डाळ दोन भाग, तांदूळ एक भाग, आईच्या प्रमाणाच्या बरोबर उलट), फेटून मऊ शिजवलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर दह्यात. एका वेळी तीन-चार मोठे चमचे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ पदार्थ : मूगडाळीचं धिरडं, बिनतेलाच्या रश्शातले ओले बोंबील, भुर्जी, दुधीची भाजी. त्यानंतर हळूहळू नेहमीचं जेवण. टप्पे प्रत्येक सर्जनचे थोडे वेगळे असतात. तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते खरं.

नेहमीच्या जेवणाला आल्यावर पहिला अडथळा पोळीचा. गव्हाची पोळी चावल्यावर चिकट गोळा होते आणि अडकते. आमटीत भिजवलेली ज्वारीची भाकरी त्यापेक्षा बरी जाते. कोरडं चिकन ब्रेस्टही अडकतं. खिमा किंवा रश्शातले मऊ तुकडे घ्या. घास नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला, जेवण वीस ते तीस मिनिटांचं. चमचा चहाचा, ताटली लहान. आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भात किंवा भाकरी. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही, कारण पाण्याने अन्न लवकर खाली वाहून जातं, भूक परत लागते, नाहीतर सगळं मिळून उलटून येतं.

पोट भरल्याची जुनी खूण आता येत नाही. नाक वाहायला लागणं, उचकी, छातीच्या हाडाखाली दाब, ही नवी खूण. तिथेच थांबायचं, ताटलीत एक घास उरला असला तरी. घास अडकलाच तर वरून पाणी पिऊ नका. उठून फिरा, थांबा. थुंकीही गिळता येत नाही अशी अवस्था काही तास राहिली तर सर्जनला फोन.

प्रोटीनचा हिशेब

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हे साधारण लक्ष्य. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा आकडा किडनीच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जुन्या सवयीचं मराठी जेवण एवढ्या छोट्या पोटात या आकड्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून हिशेब वहीत मांडावा लागतो.

चौथ्या महिन्यातला शाकाहारी दिवस असा बसतो. सकाळी २०० मिली दुधात एक स्कूप व्हे, ३० ग्रॅम. साडेदहाला ५० ग्रॅम पनीर, ९. दुपारी वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, ७, सोबत अर्धी वाटी घट्ट दही, ३. संध्याकाळी २० ग्रॅम सुके सोया चंक्स भिजवून, पिळून, बारीक चिरून, १०. रात्री ३० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं, ७. झाले ६६. मासे खाणाऱ्यांचं सोपं : १०० ग्रॅम बांगडा किंवा सुरमई जवळपास २० ग्रॅम देते, एक अंडं ६. सुकट-जवळ्यात प्रोटीन भरपूर असतं, पण मीठही तितकंच, त्यामुळे बीपीवाल्यांनी जपून.

नाचणीवर लोकांचा फार जीव. कॅल्शियमसाठी ती चांगलीच आहे, पण ३० ग्रॅम नाचणीत प्रोटीन दोन-सव्वादोन ग्रॅम. नाचणीच्या सत्त्वावर महिना काढलेल्या माणसाचे पाय जिन्यावर लटपटतात यात नवल नाही.

दुसरा शत्रू सहज उतरणारा. चहात बुडवलेलं बिस्कीट, शेव, चिवडा, आमरस, आइस्क्रीम यांना लहान झालेलं पोट आड येत नाही. विरघळतात आणि जातात. पोळी अडकते आणि बिस्कीट जातं म्हणून बिस्किटावर दिवस काढणाऱ्यांचंच वजन दुसऱ्या वर्षी परत येतं.

गोळ्या : कोणती कधी, कोणती कोणापासून लांब

थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी. तिच्यानंतर कॅल्शियम आणि लोह चार तास नाही. लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासून दोन तास लांब. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नाही, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम दोन-तीन वेळांत वाटायचे. पेटीत चार खाने करा आणि फोनला गजर लावा. हे डोक्यात ठेवणं कोणालाच जमत नाही.

कॅल्शियम 'सायट्रेट' असलेलं मागा. कार्बोनेट शोषायला पोटातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी असतं, त्यात ॲसिडिटीची गोळीही चालू असते. मेडिकलवाला 'एकच आहे हो' म्हणून कार्बोनेट पुढे करतो. एकच नाही. पट्टीच्या मागे वाचा.

बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. व्हिटॅमिन डी रोज सुमारे ३००० आययू, रक्तातली पातळी ३०च्या वर जाईपर्यंत. आपल्याकडे डॉक्टर बहुधा आठवड्याचं ६०,००० चं पाकीट देतात, ते जेवणानंतर घ्या. लोह बायपासवाल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम. स्लीव्ह झालेल्या पुरुषांना आणि पाळी गेलेल्या बायकांना बहुधा मल्टिव्हिटॅमिनमधलं १८ पुरतं. हे सगळं जन्मभर. बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या वर्षी बी-१२ बंद करणारे फार. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो आणि मग तळपायाला मुंग्या येतात, त्यांचं खापर जुन्या डायबेटिसवर फुटतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ त्या गोळीनेही कमी होतं, त्यामुळे त्यांनी तर अजिबात सोडू नये.

शुगर वजनाच्या आधी उतरते, कित्येकदा पहिल्याच आठवड्यात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन जुन्याच डोसमध्ये चालू राहिलं तर साखर ७०च्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. पहिले दोन आठवडे दिवसातून तीनदा ग्लुकोमीटर. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी खाणंपिणं नीट होईपर्यंत धोक्याची. ती ऑपरेशनआधीच थांबवलेली असते, घरी येऊन जुन्या डब्यातून पुन्हा सुरू करू नका. बीपीचंही तसंच : उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी मोजून आकडे डॉक्टरांना कळवा, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. नावापुढे एसआर, एक्सआर लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पूर्ण शोषल्या जात नाहीत आणि त्या फोडून घ्यायच्याही नसतात. पर्याय लिहून घ्या.

गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल कडक बोलायला हवं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आता बंद, बायपासवाल्यांना कायमच्या. या गोळ्यांनी जोडाजवळ अल्सर होतो, रक्त वाहतं, भोकही पडतं. त्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात आणि पॅरासिटॅमॉलबरोबर एकाच गोळीतही असतात, म्हणून घटक वाचा. नुसतं पॅरासिटॅमॉल चालतं. हृदयासाठी ॲस्पिरिन असेल तर ते स्वतः बंद करू नका, हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलायला लावा. सिगारेट, तंबाखू, मिश्री यांनीही तोच अल्सर होतो. दारू आता लवकर आणि जास्त चढते. पहिल्या वर्षी नकोच.

चालणं पुरत नाही

चालणं पहिल्या दिवसापासून, आधी घरात, दहा-दहा मिनिटं दिवसातून चार वेळा, सहा आठवड्यांत सलग अर्ध्या-पाऊण तासापर्यंत. ठाण्यात कचराळी तलाव किंवा उपवनचा काठ, नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरला सेंट्रल पार्क : सपाट जमीन, बसायला जागा. तलावपाळीला संध्याकाळी गर्दीचे धक्के लागतात, टाके ताजे असताना सकाळीच जा. येऊरच्या डोंगराचा चढ तीन महिने तरी नको. पावसाळ्यात शेवाळलेल्या फूटपाथपेक्षा इमारतीचा पॅसेज किंवा सीवूड्सचा मॉल बरा. बाटली सोबत हवीच, ऑक्टोबरात तर नक्की, कारण घरी येऊन लोटाभर पाणी पिण्याची सोय आता उरलेली नाही.

पहिले चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याने भरलेली बादली पंधरा किलोच्या वर भरते. जांभळी नाक्यावरून आणलेली भाजीची पिशवी आणि नातवंडही त्यातच आलं. ऑफिस सुरू केल्यावर गर्दीच्या वेळची लोकल महिनाभर टाळता आली तर टाळा. ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणाऱ्यांना निदान गाडी इथूनच सुटत असल्याने थोडं आधी पोचल्यास बसायला मिळतं.

सर्जनने हो म्हटलं की, बहुधा दुसऱ्या महिन्याच्या शेवटी, आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम. हात छातीशी धरून खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, दोन फेऱ्या. भिंतीला टेकून दंड. ओट्याला धरून टाचा उचलणं. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढणं, किंवा पाण्याच्या लिटरच्या बाटल्या. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवा. वर्षभर त्याच बाटल्या उचलून उपयोग नाही.

महिन्यातून एकदा स्वतःची परीक्षा घ्या. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा आणि वेळ मोजा. पंधरा सेकंदांच्या वर लागले तर स्नायू कमी पडताहेत. काटा कितीही खूश करत असला तरी प्रोटीनची वही उघडा.

काटा, केस, कातडी

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला काटा थांबतो. आधी झपाट्याने गेलेलं बरंचसं पाणी असतं, तो हिशेब शरीर जुळवत असतं. खाणं आणखी कमी करू नका. पहिले तीन महिने वेग सर्वांत जास्त, मग मंद होत बारा ते अठरा महिन्यांत वजन तळाला जातं, आणि दुसऱ्या वर्षानंतर थोडं परत येणं नेहमीचं. पन्नाशीनंतर हा वेग तिशीतल्यांपेक्षा जरा कमीच असतो. सुनेच्या मैत्रिणीचं सहा महिन्यांत किती उतरलं त्याच्याशी तुलना निरर्थक.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. बायोटिनवर पैसे घालण्यापेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि प्रोटीन पाहा. सुटलेल्या कातडीच्या घडीत आपल्याकडच्या दमटपणामुळे खाज आणि गजकर्ण होतं. अंघोळीनंतर घडी पूर्ण कोरडी करा, सुती कापडाची पट्टी ठेवा. मेडिकलमधल्या स्टेरॉइड मिसळलेल्या 'थ्री-इन-वन' मलमाने आधी बरं वाटतं आणि मग गजकर्ण पसरतं; साधं बुरशीनाशक मलम वापरा.

उपास, गणपती आणि आग्रह

पहिलं वर्ष उपास नाही. उपासाचे पदार्थ बघा : साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नाही, वर तूप, बटाटा आणि शेंगदाण्याचं कूट. उपास न केलेला देवाला चालतो, घरच्यांना पटवायला वेळ लागतो.

बायपासनंतर गोड जास्त झालं की पंधरा-तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. एक ते तीन तासांनी दुसरा झटका येतो, कारण इन्सुलिन जास्त सुटून साखर पडते. त्यामुळे उकडीचा मोदक रिकाम्या पोटी नाही. जेवणानंतर, सारणाचा एक घास, आणि वरून तूप नको. मिसळ खायचीच तर चौथ्या महिन्यानंतर, तर्री न घालता नुसती उसळ, पाव सोडून. लग्नात आग्रह करणाऱ्याला ऑपरेशनची कथा सांगत बसू नका, 'डॉक्टरांनी ताटलीच लहान दिलीय' एवढं पुरतं.

तपासण्या आणि धोक्याच्या खुणा

तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी : हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), क्रिएटिनिन, लिव्हर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बायपासवाल्यांना झिंक आणि कॉपरही. दोन वर्षांच्या सुमाराला हाडांची डेक्सा तपासणी, आधी झालेली असेल तर तुलनेसाठी तो रिपोर्ट घेऊन जा. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून बरेच सर्जन सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. उजव्या बरगडीखाली कळ आली तर सोनोग्राफी.

पहिल्या महिन्यात नाडी १२०च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, धाप, एका पोटरीला सूज, काळी शौच : यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता निघा. शक्यतो ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात, पण घोडबंदर रोडच्या वाहतुकीत तासभर अडकण्यापेक्षा १०८ ला फोन करून जवळचं गाठा.

उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर बी-१ (थायमिन) संपतं आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते : डोळे फिरणं, तोल जाणं, गोंधळ. अशा वेळी नुसतं ग्लुकोज शिरेतून दिलं तर बिघडतं. आधी थायमिनचं इंजेक्शन. नातेवाइकांनी हे तोंडाने सांगावं. नाकातून नळी आंधळेपणाने घातली तर नव्या टाक्यांना भोक पडू शकतं, तेही सांगावं.

बायपास होऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर, वजन भरपूर उतरल्यावर, जेवणानंतर पोटात पिळवटून येणारी कळ परत परत येत असेल तर ती गॅसची समजू नका. आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकलेला असू शकतो, आणि सोनोग्राफी तेव्हा साफ नॉर्मल येते. सीटी स्कॅन मागा आणि तो बॅरिएट्रिक सर्जनलाच दाखवा.